कपिलधारच्या वाटेवरच्या डब्या

आमचं घर घाटाच्या तोंडाशी होतं. खालून चढून येणारा प्रत्येक ट्रक आमच्या दाराशी आला की गिअर बदलायचा आणि त्या धडधडीनं फळीवरची पितळी भांडी एकमेकांना लागायची. पाहुणे दचकायचे; आम्हाला मात्र तो आवाज थांबला की चुकल्यासारखं व्हायचं. पहाटे अण्णांच्या लिंगपूजेची बारीक घंटी, मग आईचा भाकरी थापण्याचा आवाज, मग दुकानाच्या फळ्या निघाल्याचा. दुकानात विभूतीचे गोळे, रुद्राक्षाच्या माळा, नारळ, उदबत्त्या, आणि एका बाजूला शाळेच्या वह्या-पेन्सिली. खाली धबधब्याशी असलेल्या कपिलधारच्या देवाला जाणारी माणसं आमच्याकडून नारळ घेऊन डोंगर उतरायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, फार कमी बोलायचे. गिऱ्हाइकानं घासाघीस केली तर भाव कमी करायचे, पण वाद घालायचे नाहीत. "कावून तोंड वाजवायचं?" म्हणायचे, "देवाच्या वाटंवरचं दुकान हाय."

घरात बोलणं असायचं ते आत्याचं. शांता आत्या अण्णांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत सासरहून परत आली ती पुन्हा गेली नाही. का, ते आमच्याकडे कुणी विचारत नसे. अण्णांनी तिला शिकवलं आणि गावच्या शाळेत ती बाई झाली. घरी आत्या, शाळेत बाई. मी दोन्हीकडे तिच्याच हाताखाली. चालताना तिचा पदर नेहमी कमरेला खोचलेला असे आणि आईला ते आवडत नसे. "मारामारीला निघाल्यावाणी दिसतंय," आई म्हणायची. आत्या हसायची आणि पदर तसाच ठेवायची.

एका सुट्टीत ती मुलींच्या गाईड पथकाच्या शिबिराला लांब कुठंतरी गेली आणि येताना तिथून एक खेळ घेऊन आली. जंगलात एक डबी लपवायची. डबीत एक छोटी वही आणि एक ठसा ठेवायचा. डबी कुठं आहे ते सरळ सांगायचं नाही, चिठ्ठीत कोड्यासारखं लिहायचं. शोधणाऱ्याजवळ त्याचा स्वतःचा ठसा असतो. डबी सापडली की आपला ठसा डबीतल्या वहीत उमटवायचा, डबीचा ठसा आपल्या वहीत घ्यायचा, आणि डबी होती तिथं तशीच ठेवून निघायचं. काही न्यायचं नाही, काही जिंकायचं नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मिळतं काय?" आत्या म्हणाली, "सापडतं, वैनी. येवढंच."

ठसे आम्ही वर्गातल्या मुलींनी आत्याबरोबर बसून जुन्या चपलांच्या रबरातून केले. आत्या दाढीच्या पात्यानं कोरायची, आम्ही चित्र काढून द्यायचो. कुणाचं कमळ, कुणाचा मोर. मी घुबड काढलं म्हणून सगळ्या हसल्या, पण आत्यानं त्याचे डोळे इतके छान कोरले की नंतर सगळ्यांनाच घुबड हवं झालं. आमच्याच दुकानातल्या शाईच्या गादीवर पहिला ठसा दाबला तेव्हा जांभळ्या शाईनं आईचा ओटा रंगला; पुढं कित्येक दिवस भाकरी थापताना आई त्या घुबडाकडं बघून पुटपुटायची. पेढ्याच्या नि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्या मेणकापडात गुंडाळून आत्या एकटीच जंगलात जाऊन लपवून यायची. रविवारी आम्ही सात-आठ जणी चिठ्ठ्या घेऊन कपिलधारची वाट उतरायचो. चिठ्ठी अशी असायची: 'वानरांच्या वडाला पाठ दे. उजव्या कानाला पाणी ऐकू येईपर्यंत चाल. दगडाला दगड टेकलाय तिथं हात घाल, पण आधी काठी घाल.' ते शेवटचं विंचवासाठी.

माझा नातू हल्ली मोबाईलवर असाच काहीतरी खेळ खेळतो. आकाशातून कुणीतरी त्याला सांगतं, डबी अमुक ठिकाणी आहे. मी त्याला म्हटलं, मग तू काय शोधलंस? तो म्हणाला, आजी, तुला नाही कळायचं. नसेल कळत. पण पाण्याचा आवाज डाव्या कानातून उजव्या कानात येईपर्यंत वळणावळणानं चालायचं, श्वास रोखून, आणि सागाच्या पानांवर पाय पडला की स्वतःच दचकायचं, हे ज्यानं केलं नाही त्याला मी तरी कसं सांगू.

मालन माझ्या वर्गात होती. पाटलांची मुलगी. गावची निम्मी जमीन पाटलांची, शाळेच्या समितीचे अध्यक्षही तेच, आणि निवडणूक आली की तालुक्याच्या जीपा त्यांच्याच दारात. त्यांच्या घरातल्या बायका क्वचित बाहेर दिसायच्या. मालनला शाळेत सोडायला आणि न्यायला गडी असे. आमच्या वह्यांतले ठसे ती मधल्या सुट्टीत बघत बसायची, बोट फिरवून. एक दिवस तिनं आत्याला चित्र काढून दिलं, पळणारी हरणी. आत्यानं ठसा कोरून दिला. तो ठसा मालनच्या दप्तरात किती दिवस नुसताच पडून होता.

शेवटी दिवाळीनंतरच्या एका रविवारी पाटलांनी परवानगी दिली. मालननं दोन वेळा जेवण टाकलं तेव्हा कुठं. सकाळी आत्या आणि मी तिला आणायला गेलो. पाटील ओसरीवर पानाला चुना लावत होते. वर न बघता म्हणाले, "बाई, पोरगी जशी नेताय तशी आणून सोडा."

"जशी नेते तशीच आणीन," आत्या म्हणाली.

दाराच्या आड मालनची आई उभी होती. तिचा मला फक्त हात दिसला, हिरव्या बांगड्यांचा. त्या हातानं मालनचा खांदा एकदा दाबला आणि सोडला.

सीताफळांचे दिवस होते. डोंगराचा उतार नुसता सीताफळींनी भरलेला, डोळे उघडलेली फळं हाताला लागत होती. मालन पहिल्यांदाच अशी चालत होती. दगडावरून उतरताना माझा हात धरायची आणि सोडायला विसरायची. पहिली डबी तिला सापडली नाही, दुसरी सापडली. पळसाच्या खोडाच्या ढोलीतून तिनं ती स्वतः काढली. हरणीचा ठसा तिनं इतका जोरात दाबला की वहीची पानं फाटतात की काय असं वाटलं. धबधब्याच्या अलीकडं, कड्यापासून बरंच लांब, आम्ही सतरंजी अंथरली. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. कड्याच्या पोटाला आग्या मोहोळाचे काळे पडदे लटकलेले लांबून दिसत होते. ते वर्षानुवर्षं तिथंच होते. यात्रेकरू खालून जायचे, वाजंत्री वाजायची, कधी काही झालं नव्हतं.

शेवटची डबी मालनला एकटीनं शोधायची होती. आत्यानं चिठ्ठी तिच्या हातात दिली. "मी दिसेन तेवढ्यातच ऱ्हा," म्हणाली. मालन झाडीत शिरली. तिची निळी ओढणी पानांतून दिसत होती. मी धपाट्याचा शेवटचा तुकडा तोंडात घातला होता, तो मला अजून आठवतो, कारण तो मला गिळता आला नाही.

आधी वाटलं घाटात ट्रक चढतोय. पण आवाज खालून नाही, समोरून येत होता, आणि वाढत होता. कड्यावरचा एक काळा पडदा हलला. मग तो पडदा राहिलाच नाही, धूर झाला. कुणी खाली चूल पेटवली होती, का मधावर टपलेल्या पक्ष्यानं चोच मारली, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

"खाली पडा! तोंड झाका! हलू नका कुणी!" आत्या ओरडली आणि सतरंजीचं टोक धरून तिनं ती आमच्यावर फेकली. धपाटे, दही, सगळं आमच्या अंगावर. आम्ही एकमेकींत घुसलो. सतरंजीच्या कडेनं मला दिसत होतं. मालन पळत होती. जिवाच्या आकांतानं, ओढणी फडफडवत, आणि आमच्याकडं नाही, कड्याकडं.

"मालन, बस खाली! बस, पोरी!"

तिला ऐकू येत नव्हतं. आत्या उघड्यावर धावली. तिनं मालनला मागून धरून सीताफळीच्या जाळीत पाडलं, पदर सोडून तिच्या डोक्यावर गुंडाळला आणि तिच्यावर पालथी पडली. नंतर मला आत्या दिसली नाही. तिच्या पाठीवर काळं पातळ पसरल्यासारखं दिसलं, आणि ते पातळ हलत होतं.

सतरंजीवर गारा पडाव्यात तसा टपटप आवाज येत होता. आत सगळ्या रडत होत्या, पण तोंडावर हात दाबून. माझ्या कानाला आणि मानेला आग लागली होती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. आवाज थोडा विरळ झाला तेव्हा आत्याची हाक आली. ती मोठी नव्हती, नेहमीची होती, वर्गात फळा पुसायला सांगावं तशी.

"सुमे. वर रस्त्यावर जा. माणसं आण. पळू नको बरं का. चाल."

मी सतरंजीतून बाहेर आले. पोटातून पळ म्हणून ओरड येत होती आणि मी चालत होते. केसांत एक माशी अडकली होती आणि तिचा आवाज माझ्या डोक्याच्या आतून येत असल्यासारखा वाटत होता. आजूबाजूला भिरभिरणाऱ्या माश्या हाताला टेकायच्या, उडायच्या. मी हात अंगाला घट्ट चिकटवले. वाट मला पाठ होती. टेकलेले दगड, पळस, पाणी कानाआड होतं ते वळण, वानरांचा वड. एकेक खूण गाठायची आणि पुढची डोळ्यांपुढं आणायची, एवढंच मी केलं. वडाच्या पुढं माश्या नव्हत्या. तिथून मात्र मी पळाले. पडले, उठले, पुन्हा पळाले.

घाटाच्या रस्त्यावर यष्टी येत होती. मी मधोमध उभी राहिले. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि शिवी देता देता माझं तोंड बघून गप्प झाला. तोवर माझा एक डोळा मिटला होता.

"खाली पोरी हायत. आत्या हाय. आग्या मोहोळ," एवढंच मला बोलता आलं.

कंडक्टरनं गाडीकडं वळून हाक दिली, "घोंगड्या कुणाकडं हायत? चला बे, उतरा! बघत काय बसलाव?" टपावर दोघा धनगरांच्या घोंगड्या होत्या. पाच-सहा गडी घोंगड्या पांघरून, ओल्या पाल्याचा धूर करत खाली गेले. मी वाटेच्या तोंडाशी बसून राहिले. गाडीतल्या एका म्हातारीनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि नखांनी एकेक नांगी काढत राहिली. मुली एकेक करून वर आल्या, सुजलेल्या, रडणाऱ्या, पण चालत. मालन आली, कुणाच्या तरी खांद्यावर. तोंड सुजलेलं, पण शुद्धीवर. सगळ्यांत शेवटी घोंगडीची झोळी करून आत्याला आणलं. मी जवळ गेले आणि मला ती ओळखू आली नाही.

यष्टी कुठंही न थांबता बीडच्या दवाखान्यात गेली. मालनला दोन सलाईन लागल्या. आत्याला आत नेलं आणि दार लावलं. अण्णा दुकान तसंच उघडं टाकून आले होते. आई भिंतीला टेकून बसली होती, तिच्या मांडीवर आत्याचं फाटलेलं पातळ. मग जीप आल्याचा आवाज झाला आणि पाटील आत आले. आधी मालनकडं गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज सगळ्या व्हरांड्यात घुमत होता.

"पोरींना जंगलात कावून नेलं? डब्या हुडकायला? उद्या हिचं लगीन करायचंय मला! त्या बाईला शाळेत ठेवत न्हाई मी. सांगून ठेवतो."

अण्णा उठले. आमचं दुकान पाटलांच्याच जागेत होतं, हे मला तेव्हा माहीत होतं आणि अण्णांनाही. त्यांनी हात जोडले. मला वाटलं, आता ते माफी मागणार.

"पाटील," अण्णा म्हणाले, "हळू बोला. आत माझी बहीण मरणाच्या दारात हाय. तुमची पोरगी तिच्या पोटाखाली व्हती म्हणून बोलतीय."

पाटलांशी असं आधी कुणी बोललं नसेल. ते निघून गेले, पण शब्द मागं घेतला नाही. शाळेच्या समितीची बैठक ठरली, विषय एकच असल्याचं सगळ्या गावाला कळलं.

आत्या वाचली. अंगावरची सूज उतरायला बरेच दिवस लागले आणि घरी आली तेव्हा ती आत्या नव्हती. ओट्यावर माशी बसली तरी तिच्या हातातलं भांडं सुटायचं. ट्रक चढताना गुणगुणला की ती डोळे मिटून भिंत धरायची. त्या घरात ट्रक दिवसभर चढत. पदर आता खांद्यावरून घेतलेला असे. शाळेचं नाव ती काढायची नाही, आम्हीही काढायचो नाही. अण्णा दुकान आवरून येत, तिच्यासमोर जरा बसत आणि उठून जात.

बैठकीच्या दिवशी सकाळी दुकानासमोर एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर, पायात चपला, सोबत कुणी नाही. हिरव्या बांगड्यांवरून मी ओळखलं. पाटलीणबाई चालत आल्या होत्या, भर रस्त्यानं, दिवसाढवळ्या. अण्णा गोंधळून उभे राहिले. त्या आत आल्या, आत्यासमोर जमिनीवर बसल्या. आईनं पाट पुढं केला तो त्यांनी घेतला नाही.

"बाई," त्या म्हणाल्या, "मला ती जागा दावा."

"कोणती?"

"जिथं तुमी माझ्या लेकीवर पडलाव ती."

आत्या मागं सरकली. "पाटलीणबाई, मला न्हाई व्हायचं. सुमन दावील."

"सुमननं न्हाई वाचवलं तिला. तुमी चला. मी बी भितेच की."

आई म्हणाली, नको. आत्यानं एकदा स्वतःच्या हातांकडं बघितलं, मग ती उठून चपला शोधू लागली.

आम्ही तिघी उतरलो. पाटलीणबाई पुढं, आत्या मधे, मी मागं. वडापर्यंत आत्या चालली. तिथं तिचे पाय थांबले. समोर कडा दिसत होता आणि कड्याला पुन्हा काळे पडदे. त्या दिवशी उठलेलं मोहोळही परत आलं होतं. वारा आला की त्यांचा आवाज यायचा, अगदी बारीक. पाटलीणबाईंनी तिला ओढलं नाही, धीराचं काही बोलल्याही नाहीत. तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. जरा वेळानं आत्यानं एक पाऊल टाकलं. मग दुसरं. आम्ही कुणी बोललो नाही, बांगडी वाजू दिली नाही. आवाज आमच्या डोक्यावर आला, तिथंच राहिला, मग मागं पडला. त्या दिवशी मी माश्यांच्या थव्यातून चालले होते तेव्हाही इतकी भ्याले नव्हते.

सीताफळीची जाळी चेपलेलीच होती. पाटलीणबाई तिथं वाकल्या, थोडी माती हातात घेतली. मग म्हणाल्या, "आन ती डबी? मालनला शेवटची ऱ्हायली, ती?"

आत्यानं हात करून दाखवलं. पाटलीणबाईंनी स्वतः शोधली. काठी घातली, मग हात. मेणकापड सोडलं, वही उघडली आणि आमच्याकडं बघितलं. त्यांच्याजवळ ठसा नव्हता. निघताना सवयीनं घेतलेली शाईची गादी मी पुढं केली आणि विचार न करता म्हणून गेले, "अंगठा लावा."

"अंगठा न्हाई," त्या म्हणाल्या. "अंगठा कागदावर देऊन देऊन कटाळले मी. काय लिव्हलंय ते एकदा बी कुणी सांगितलं न्हाई."

त्यांनी इकडं तिकडं बघितलं, आपट्याचं एक कोवळं पान तोडलं, गादीवर नीट दाबलं आणि वहीच्या कोऱ्या पानावर ठेवून त्यावर हाताचा तळवा टेकवला. पान उचललं तेव्हा त्याची शीर न् शीर उमटली होती. त्या ते बघून हसल्या. मालनसारख्याच हसायच्या, हे मला तेव्हा कळलं.

"चला," त्या उठत म्हणाल्या. "घरी जाऊन सांगते त्यांना, कुठं गेलते ते."

त्यांच्या घरात त्या दुपारी काय बोलणं झालं, ते मला कधीच कळलं नाही. मालनला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, आई पहिल्यांदा बापूंच्या, म्हणजे पाटलांच्या, समोर खुर्चीवर बसून बोलली. संध्याकाळी शाळेत बैठक भरली. अण्णा शाळेच्या फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले होते. आम्ही घरात. आई भाकरी थापायची विसरली होती, तवा नुसताच तापत होता. अण्णा आले, टोपी खुंटीला अडकवली, पाणी प्याले. आमचा जीव कानांत आला होता.

"पाटील आले व्हते," ते म्हणाले. "शाळेच्या छपराच्या पत्र्याचं बोलणं झालं. फळ्याला रंग द्यायचं झालं. चहा झाला, आन उठले."

"आन दुसरं?" आईनं विचारलं.

"दुसरं कुणी काढलंच न्हाई."

आत्या दाराजवळ बसली होती. घाटातून एक ट्रक चढला, आमच्या दाराशी आला, गिअर बदलला, भांडी वाजली. तिनं भिंत धरली, पण डोळे मिटले नाहीत. ट्रक पुढं जाऊ दिला.

"सुमे," ती म्हणाली, "माझं निळं पातळ कुठं ठिवलंस? उद्या शाळा हाय."